मातेच्या रक्तातील गर्भाची खूण

हिमोफिलियाने ग्रासलेल्या पुरुषाची कन्या स्वतः बहुधा निरोगी असते, परंतु पित्याकडून तिला मिळालेल्या एक्स गुणसूत्रावर त्या विकाराचे सदोष जनुक अपरिहार्यपणे आलेले असल्यामुळे तिच्या पोटी येणाऱ्या प्रत्येक पुत्राला तो विकार होण्याचा संभव निम्मा असतो. तिच्या कन्येला मात्र दुसरे एक्स गुणसूत्र आपल्या पित्याकडून मिळालेले असल्याने ती बहुधा रोगापासून मुक्त राहते, फार तर आईप्रमाणेच त्याची वाहक होते. साध्याशा जखमेनंतर रक्त थांबत नाही, सांध्यांत रक्त साकळून गुडघे आणि कोपरे कायमचे आखडतात, आणि जन्माच्या वेळी डोक्यावर अवाजवी दाब पडला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हे ज्या घराने एका पिढीत पाहिले आहे त्या घरातील गर्भवतीला 'मुलगा की मुलगी' हा प्रश्न पडतो तेव्हा त्यात वंशाचा वा वारशाचा विचार नसतो. पुढच्या तपासण्या कराव्या लागणार की नाही, प्रसूती कोठे आणि कोणत्या तयारीने व्हावी, हे सारे त्या एका उत्तरावर अवलंबून असते. गर्भाचे लिंग जन्मापूर्वी ओळखण्याची विद्या वैद्यकात प्रथम आली ती अशाच घरांसाठी, आणि तिच्या पुढील इतिहासाकडे पाहताना हा तिचा मूळ हेतू दृष्टीआड होऊ देता कामा नये.

या विद्येचा आरंभ प्रसूतिशास्त्राच्या बाहेर झाला. १९४९ साली कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात मरे बार आणि त्यांचे विद्यार्थी इवर्ट बर्ट्रम हे मांजराच्या मज्जापेशींवर श्रमाचा काय परिणाम होतो याचा अभ्यास करीत असता त्यांना असे आढळले, की काही मांजरांच्या पेशिकेंद्रात एक गडद रंग घेणारा ठिपका दिसतो आणि काहींच्या दिसत नाही. नोंदवही उघडून पाहता ठिपका असलेली सर्व मांजरे माद्या निघाली. हा ठिपका म्हणजे मादीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी निष्क्रिय होऊन आवळलेले एक गुणसूत्र होय, हे पुढे निश्चित झाले. गर्भाच्या भोवतालच्या जलात गर्भाच्याच त्वचेवरून गळलेल्या पेशी तरंगत असतात. त्यांत हा ठिपका शोधला तर गर्भाचे लिंग कळेल, हे १९५५-५६ च्या सुमारास इस्रायल, अमेरिका आणि डेन्मार्क या देशांतील संशोधकांच्या जवळजवळ एकाच वेळी ध्यानात आले. त्यांपैकी कोपनहेगनच्या फ्रिट्झ फुक्स आणि पोव्हल रीस यांनी १९६० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात जी हकीकत प्रसिद्ध केली तिचा विषयच आनुवंशिक रोगांचा प्रतिबंध हा होता, आणि हिमोफिलियाच्या वाहक स्त्रिया तिच्या केंद्रस्थानी होत्या.

परंतु या ज्ञानासाठी गर्भवतीच्या पोटातून सुई आत घालून जल ओढावे लागे. गर्भजल परीक्षेला साधारणपणे पंधरा आठवडे पुरे व्हावे लागतात. वारेचे अंकुर काढून तपासण्याची रीत पुढे आली, तिने ही मुदत अकराव्या आठवड्यापर्यंत अलीकडे आणली, तरी सुई वा नळी आत घालणे काही सुटले नाही. निष्णात हातांत या उपायांनी गर्भपात होण्याचा धोका अल्प असतो. पूर्वी तो शेकडा एकाच्या आसपास सांगितला जाई, आज त्याहून कमी मानला जातो. मात्र अनेक वर्षांनी दिवस राहिलेल्या स्त्रीला हा अल्प धोकाही अल्प वाटत नाही. त्यातही विशेष असे, की वाहक मातांच्या पोटी वाढणाऱ्या गर्भांपैकी निम्मे मुलींचे असणार आणि त्या निम्म्यांना या सुईची बहुधा काहीच आवश्यकता नसणार, हे वैद्यांना आधीपासूनच ठाऊक होते. नेमके कोणते निम्मे, एवढेच सुईवाचून कळण्याचा मार्ग नव्हता.

सुई टाळण्याचे जे प्रयत्न झाले त्यांतील एकाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. चीनमधील आनशान या पोलादनगरीतील एका रुग्णालयाने १९७५ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. पोटात सुई न घालता गर्भाशयाच्या मुखातून एक बारीक नळी सरकवून वारेच्या काही पेशी शोषून घ्यावयाच्या आणि त्यांत बार यांचा ठिपका शोधावयाचा, अशी ती पद्धत होती. शंभर स्त्रियांवरील त्या प्रयोगात बहुतेक निदाने बरोबर ठरली. तंत्राच्या दृष्टीने ते यश अपूर्व होते, कारण वारेच्या पेशी इतक्या लवकर काढून निदान करणे तोवर इतरांना साधले नव्हते. पण निदान ऐकल्यानंतर तीस स्त्रियांनी गर्भपात करून घेतला आणि त्या तीस गर्भांपैकी एकोणतीस मुलींचे होते, हीही नोंद त्याच निबंधात आहे. कोणत्याही आनुवंशिक रोगाचा तेथे संबंध नव्हता. निदान सोपे झाले की त्याचा ओघ कोणत्या दिशेने वाहू लागतो याचा एवढा उघडा दाखला वैद्यकाच्या दफ्तरात आधीच नोंदलेला असताना, पुढील पन्नास वर्षांत आपण त्यापासून पुरेसा बोध घेतला नाही, याची खंत वाटते.

मातेच्या रक्तातून गर्भाची वार्ता काढण्याची कल्पना याहूनही जुनी. गेऑर्ग श्मोर्ल या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८९३ मध्ये गर्भाक्षेपाने मृत्यू पावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांत वारेच्या पेशी पाहिल्या होत्या. १९६९ मध्ये मुलगा पोटी असलेल्या गर्भवतींच्या रक्तात वाय गुणसूत्र असलेल्या पेशी दिसल्याचे प्रसिद्ध झाले आणि संशोधकांची एक पिढी या पेशींच्या मागे लागली. पेशी तेथे होत्या यात शंका नाही. अडचण त्यांच्या संख्येची होती. मातेच्या एका मिलिलिटर रक्तात अब्जावधी पेशी असतात आणि त्यांत गर्भाची म्हणावी अशी सरासरी एखादीच. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. यांतील काही पेशी प्रसूतीनंतरही मातेच्या शरीरात वर्षानुवर्षे, क्वचित दोन-अडीच दशके, टिकून राहतात असे १९९६ मध्ये सिद्ध झाले. तेव्हा मातेच्या रक्तात मिळालेली पेशी आज पोटात असलेल्या गर्भाची की शाळेत जाणाऱ्या थोरल्या मुलाची, याची खातरजमा कशी करावी?

या पेशींचा पाठलाग करणाऱ्यांत हाँगकाँगमध्ये जन्मलेले आणि ऑक्सफर्ड येथे काम करणारे डेनिस लो हे एक तरुण वैद्य होते. मातेच्या रक्तावरून लिंगनिदान करण्याविषयीचा त्यांचा पहिला निबंध १९८९ चा. त्यानंतरची सात वर्षे त्यांनी पेशींतच घालविली. १९९६ च्या सप्टेंबरात कर्करोगाविषयीचे दोन निबंध त्यांच्या वाचनात आले. अर्बुदाच्या पेशी मरताना त्यांचा डीएनए रक्ताच्या द्रवभागात मोकळा होतो आणि रुग्णाच्या प्लाझ्म्यात तो सापडतो, असे त्यांत दाखविले होते. रक्तद्रवात असे मोकळे न्यूक्लिइक आम्ल असते हे फ्रान्समध्ये मांदेल आणि मेते यांनी १९४८ सालीच नोंदले होते, पण त्या नोंदीकडे दीर्घकाळ कोणी गंभीरपणे पाहिले नव्हते. लो यांच्या मनात विचार आला तो असा, की मातेच्या शरीरात वाढणारी आणि आठ पौंडांच्या बालकाला पोसण्याइतकी मोठी होणारी वार जर अर्बुदाप्रमाणेच आपल्या जीर्ण पेशी सतत टाकीत असेल, तर तिचाही डीएनए मातेच्या प्लाझ्म्यात असलाच पाहिजे. आणि मग आजवर प्रत्येक प्रयोगात पेशी वेगळ्या काढून जो द्रव टाकून दिला, त्यातच उत्तर होते.

प्रयोग अगदी साधा निघाला. प्लाझ्मा उकळला, गोठलेली प्रथिने खाली बसविली आणि वरच्या निवळीतील केवळ दहा मायक्रोलिटर द्रव घेऊन त्यात वाय गुणसूत्रावरील एक विशिष्ट क्रम पीसीआर या डीएनएच्या प्रती वाढविणाऱ्या तंत्राने शोधला. मुलगा पोटी असलेल्या तीस स्त्रियांपैकी चोविसांच्या प्लाझ्म्यात तो क्रम सापडला; त्याच स्त्रियांच्या रक्तपेशींतून मात्र तो केवळ पाच जणींत मिळाला. मुलगी पोटी असलेल्या तेरा स्त्रियांपैकी एकीच्याही प्लाझ्म्यात त्याचा मागमूस नव्हता. १६ ऑगस्ट १९९७ च्या 'लॅन्सेट'मध्ये हा निबंध छापून आला, तोवर लो हाँगकाँगला परतून तेथील चिनी विद्यापीठात रुजू झाले होते. पुढील दोन वर्षांत त्यांनी आणखी दोन गोष्टी दाखविल्या. एक म्हणजे गर्भाच्या डीएनएचे प्रमाण शोधकांच्या अपेक्षेहून पुष्कळ अधिक असते. आजच्या मापनानुसार पहिल्या तीन-चार महिन्यांत ते प्लाझ्म्यातील एकूण मोकळ्या डीएनएच्या शेकडा दहाच्या आसपास भरते. दुसरी म्हणजे प्रसूती झाली की हा डीएनए मातेच्या रक्तातून विलक्षण वेगाने नाहीसा होतो: त्यांच्या मोजणीप्रमाणे दर सोळा मिनिटांच्या सुमारास निम्मा होत दोन तासांच्या आत त्याचा मागही लागत नाही. थोरल्या मुलाच्या पेशींनी घातलेले कोडे येथे सुटले, कारण आज प्लाझ्म्यात जे सापडेल ते आजच्याच गर्भाचे असणार हे निश्चित झाले.

प्रयोगशाळेत ही तपासणी कशी चालते ते जवळून पाहण्याजोगे आहे. दंडातील शिरेतून दोन-चार चमचे रक्त काढून ते गोठू न देणाऱ्या नळीत घेतात आणि काही तासांच्या आत यंत्रात वेगाने फिरवितात. लाल पेशी तळाशी बसतात, त्यांवर पांढऱ्या पेशींचा एक पातळ थर जमतो आणि वर गवताच्या काडीच्या रंगाचा प्लाझ्मा उरतो. तो पिपेटने उचलताना तंत्रज्ञ पांढऱ्या थराच्या जवळ जात नाही, थोडा प्लाझ्मा मागे राहिला तरी चालेल असे मानतो. कारण त्या थरातील पेशी फुटल्या तर मातेच्या डीएनएचा लोंढा येऊन गर्भाचा अंश त्यात बुडून जाईल. म्हणून उचललेला प्लाझ्माही पुन्हा एकदा फिरवून घेतात. त्यातून डीएनए वेगळा करून पीसीआर यंत्रात घालतात. पुरुषत्वाची दिशा ठरविणारे एसआरवाय हे १९९० मध्ये सापडलेले जनुक, किंवा वाय गुणसूत्रावर ज्याच्या अनेक प्रती असतात असा डीवायएस-१४ हा क्रम, यांपैकी एकाचा वा दोहोंचा शोध घेतला जातो. प्रत्येक आवर्तनात प्रती दुप्पट होतात. तिसाच्या पुढे कोठे तरी पडद्यावरील सपाट रेषा वर उचलू लागली तर वाय गुणसूत्र आहे. एकाच नमुन्याच्या अनेक चाचण्या एकदम लावतात आणि त्यांतील बहुतेकांचा निकाल जुळला तरच अहवाल देतात.

रेषा सपाट राहिली तर? येथे या पद्धतीचे मर्म आहे आणि मर्यादाही. जोंधळ्याच्या पोत्यात मूठभर बाजरी मिसळली असेल तर एक दाणा हाती लागला तरी ती आहे हे सिद्ध होते. पण त्यात मिसळलेला जिन्नस जोंधळाच असेल तर तो वेगळा दाखविता येत नाही. मुलीच्या गर्भाचा डीएनए मातेच्या डीएनएहून लिंगाच्या बाबतीत वेगळा दिसत नाही, म्हणून मुलीचे निदान नेहमी वाय गुणसूत्राच्या अभावावरून करावे लागते. आणि गर्भाचा डीएनए नमुन्यात पुरेसा आलाच नसेल तरीही रेषा सपाटच राहते. सावध प्रयोगशाळा म्हणून वारेच्या डीएनएवरील रासायनिक खुणांसारखी एखादी स्वतंत्र साक्ष घेतात आणि गर्भाचा अंश नमुन्यात आला होता की नाही ते आधी ठरवितात. उलट बाजूने, गर्भारपणाच्या आरंभी जुळे असून त्यांतील मुलाचा गर्भ विरून गेला असेल, मातेला पूर्वी पुरुषाचे मूत्रपिंड बसविले असेल, अथवा नमुना हाताळणाऱ्या पुरुषाचाच डीएनए नळीत गेला असेल, तर नसलेला मुलगा दिसू शकतो. अशा सत्तावन्न अभ्यासांचा एकत्र हिशेब २०११ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार मुलगा असता तो ओळखण्याचे प्रमाण शेकडा ९५.४ आणि मुलगी असता तसे सांगण्याचे प्रमाण शेकडा ९८.६ भरले, सातव्या आठवड्याच्या आधी केलेल्या चाचण्या मात्र भरवशाच्या नाहीत आणि लघवीवरून केलेल्या तर मुळीच नाहीत, असा स्पष्ट निष्कर्ष त्यात नोंदला आहे.

सोनोग्राफीने कोणतीही सुई न वापरता हीच गोष्ट कळते, हे खरे. परंतु तिचा काळ थोडा पुढचा आहे. अकराव्या आठवड्यात मुलगा आणि मुलगी यांच्या बाह्य इंद्रियांचा उंचवटा आकाराने जवळजवळ सारखाच असतो, भेद असतो तो त्याच्या कलण्यात. पाठीच्या रेषेशी तो तीस अंशांहून अधिक कोन करीत असेल तर मुलगा. लंडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही खूण अकराव्या आठवड्यात शेकडा ७० वेळा, बाराव्यात जवळजवळ ९९ वेळा आणि तेराव्यात सर्व वेळा खरी ठरली. रक्ताची चाचणी तीन-चार आठवडे आधी बोलते, आणि काही रोगांत हेच आठवडे मोलाचे असतात.

असा एक रोग म्हणजे अधिवृक्क ग्रंथींचा जन्मजात अतिवृद्धीचा विकार. त्यात गर्भाच्या शरीरात पुरुषी संप्रेरके वाढून मुलीच्या बाह्य इंद्रियांची घडण बिघडते. ती घडण नवव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, म्हणून मातेला डेक्सामेथासोन हे औषध द्यावयाचे तर त्याआधी द्यावे लागते. आणि मुलाच्या गर्भाला त्याचा काहीच उपयोग नसल्याने, गर्भ मुलाचा असल्याचे लवकर कळले की औषध टळते. हा उपचार अद्याप प्रायोगिकच मानला जातो, हेही येथे सांगितले पाहिजे. ड्यूशेन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्नायुक्षयात आणि हिमोफिलियात लाभ अधिक सरळ आहे. गर्भ मुलीचा असेल तर बहुधा सुईचा प्रश्नच उरत नाही. मुलाचा असेल आणि मातापित्यांनी पुढची परीक्षा नाकारली, तरीही हे ज्ञान वाया जात नाही: प्रसूतीत चिमटा वा निर्वात यंत्र लावू नये, बालकाच्या स्नायूत सुई टोचण्याआधी नाळेतील रक्तावरून त्याच्या गोठण-घटकांची पातळी पाहावी, रक्तविकारांचा तज्ज्ञ आणि औषध हाताशी ठेवावे, एवढी तयारी आधीच करता येते. हिमोफिलियाचे उपचार आज इतके सुधारले आहेत, की अशा मुलाला भरपूर आयुष्य लाभते. पहिला दिवस सुखरूप पार पडणे त्याच्यासाठी म्हणूनच फार महत्त्वाचे.

आपल्या देशात ही विद्या ज्या वाटेने गेली ती वाट आनशानचीच होती. गर्भजल परीक्षा सत्तरच्या दशकात आली ती विकृती शोधण्यासाठी, परंतु थोड्याच वर्षांत शहरांतील दवाखाने तिचा उपयोग मुली वगळण्यासाठी करू लागले. मुंबईतील स्त्री-संघटना, डॉक्टर आणि वकील यांनी एकत्र येऊन जो लढा दिला त्याचे फळ म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये या परीक्षांचे नियमन करणारा कायदा केला. देशातील तो पहिलाच. केंद्राचा कायदा १९९४ चा, त्याचा अंमल १ जानेवारी १९९६ पासून. तो कागदावरच राहत असल्याचे पाहून मुंबईची सेहत व पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि २००३ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही कायद्याच्या कक्षेत आली. तरीही २०११ च्या शिरगणतीत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे ८९४ मुली आढळल्या आणि बीड जिल्ह्यात ८०७. १९९१ मध्ये राज्याचा हाच आकडा ९४६ होता.

केंद्राच्या या कायद्यात मला दूरदृष्टीची वाटते ती एक बाब अशी, की प्रसवपूर्व निदानाच्या व्याख्येत गर्भजल आणि वारेचे अंकुर यांच्या शेजारी गर्भवतीचे 'रक्त' हा शब्द १९९४ मध्येच घातलेला आहे, लो यांचा निबंध येण्याच्या तीन वर्षे आधी. तेव्हा दंडातून काढलेल्या दोन चमचे रक्तावरून लिंग सांगणे हा आपल्याकडे सुईने काढलेल्या जलावरून ते सांगण्याइतकाच गुन्हा आहे. शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही रीतीने ते कळविणेही तसेच. पहिल्या अपराधाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. तपासणी करून घेणाऱ्या स्त्रीवर पतीने वा नातलगांनी जबरदस्ती केली असे कायदा, विरुद्ध पुरावा नसेल तर, गृहीत धरतो. गर्भाच्या गुणसूत्रदोषांसाठी आज जी रक्तचाचणी सर्रास केली जाते तिच्या यंत्राला एक्स आणि वाय दोन्ही दिसत असतात. आपल्याकडील अहवालांत तो भाग झाकलेला असतो, आणि तो तसाच झाकलेला राहिला पाहिजे. सुईच्या काळात धोका, वेदना आणि चौथ्या महिन्यापर्यंतची प्रतीक्षा या तीन गोष्टी दुरुपयोगाच्या आड काही अंशी उभ्या होत्या. त्या आता दूर झाल्या असल्याने सगळा भार कायद्यावर आणि तो पाळणाऱ्या माणसांवर आला आहे, आणि एखादी प्रयोगशाळा परदेशातून टपालाने नमुना मागवीत असली म्हणून तो हलका होत नाही.

मात्र हाच कायदा लिंगसंबद्ध आनुवंशिक विकारांच्या तपासणीस, नोंदणीकृत केंद्रात आणि गर्भवतीच्या लेखी संमतीने, स्पष्ट मुभा देतो, हे अशा कुटुंबांना अनेकदा कोणी सांगत नाही आणि भीतीपोटी ती तपासणीला जातच नाहीत. ज्यांच्या घरी भाऊ, मामा वा वडील यांना हिमोफिलिया किंवा स्नायुक्षय आहे त्या बहिणींना आणि लेकींना माझी कळकळीची विनंती आहे, की दिवस राहण्याची वाट न पाहता त्याआधीच आनुवंशिकी तज्ज्ञाकडे जावे. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत हिमोफिलियाच्या प्रसवपूर्व निदानाचे काम वर्षानुवर्षे चालत आले आहे. जाताना रोगी नातलगाचे जुने कागद बरोबर न्यावेत आणि शक्य असल्यास त्यालाही न्यावे, कारण त्याच्या रक्तात नेमका दोष कोणता ते आधी शोधावे लागते. त्या शोधाला बराच वेळ लागू शकतो, आणि गर्भारपण सुरू झाल्यावर तेवढा वेळ हाती राहील याची खात्री नसते.